घासलेली पाती

मला कामावरून काढल्याचा कागद अजून माझ्यापाशी आहे. ट्रंकेच्या तळाशी लपवलेला नाही, ओटीवर चौकटीत लावलाय. लोक भिंतीवर मुलांची सर्टिफिकेटं लावतात, मी हा लावलाय. घरी येणारा माणूस तो वाचतो आणि या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं माझ्याकडे बघतो. डोकं ठिकाणावर आहे. तो कागद मला कुणी तोंडावर फेकलेला नाही. मी तो भांडून मिळवलाय, आणि कसा ते आज सांगते.

साल अडुसष्ट. कालावलच्या खाडीकाठी तेव्हा एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. मासळीला बर्फ लागतो म्हणून मुंबईच्या कुणा शेठने तो काढला आणि चार पावसाळ्यांत गाशा गुंडाळला. मागे राहिलं डिझेलचं इंजिन, बर्फाचं यंत्र आणि खाऱ्या पाण्याच्या टाक्या. मुंबईच्या एका सरकारी संस्थेचे वालावलकर साहेब तिथे आले. मूळचे वालावलचेच, पण परदेशात शिकून आलेले. त्यांनी ट्रकमधून माणसाहून उंच असा एक लोखंडी हंडा आणला, त्याच्याभोवती बर्फाच्या यंत्राचे पाइप गुंडाळले आणि हवा ओढून घेणारा पंप जोडला. आठवड्याभरात आमच्या सगळ्या मसुरे गावात झालं की साहेब हंड्यात अणू शिजवणार.

मी तिथे भांडी घासायला लागले. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण एक गोष्ट आधीच सांगते. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास होते, केंद्रात तिसरी. शाळेत मास्तरीण म्हणून घ्यायचं चाललं होतं, तेवढ्यात लग्न झालं. नवरा भिकाजी जहाजावर खलाशी. तिसऱ्याच वर्षी बसऱ्याच्या बंदरात तापाने गेला. मागे मी आणि सासू काशीबाई. तेव्हा सातवी पास असूनही मी नारळाची शेंडी आणि राख घेऊन साहेबांच्या बाटल्या, नळ्या, लोखंडाचे तुकडे घासायची. काशीबाई रोज सकाळी होडीपर्यंत सोबत यायची आणि बजावायची, घास पण हंड्यात डोकावू नकोस.

हंड्यात अणू नव्हताच. ते साहेबांनी मला पहिल्या आठवड्यातच समजावून सांगितलं. मी बाटल्या घासायची आणि ते दारात उभे राहून बोलायचे, कारण त्यांचं ऐकणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. अंतराळात जाणाऱ्या यानाला वीज लागते. लांबच्या काळोखात सूर्य कामाचा नाही. म्हणून पेटीत अणूचा असा एक पदार्थ ठेवायचा, जो विस्तवाशिवाय वर्षानुवर्षं आपोआप तापलेला राहतो. पेटी आतून गरम आणि बाहेरून थंड असली, की मधल्या दोन जातींच्या धातूंच्या जोडांतून वीज निघते. चाक नाही, पट्टा नाही, हलणारं काही नाही. खरा पदार्थ गावात आणायची परवानगी नव्हती आणि गरजही नव्हती. त्याच्या जागी विजेची तार तेवढीच तापवायची. पेटी हंड्यात ठेवून आतली हवा काढायची, भोवती गारठा करायचा, म्हणजे पेटीला वाटणार की आपण अंतराळात आहोत. एकवीस दिवस पेटी अशी चालली, तर मुंबईची कमिटी पुढच्या कामाला मान्यता देणार होती. नाही चालली, तर कारखान्याला पुन्हा कुलूप.

त्या पेटीला बाहेरून आठ पाती होती. हाताच्या पंजाएवढी, अ‍ॅल्युमिनियमची, प्रत्येकावर नंबर ठोकलेला. आतली उष्णता बाहेर टाकायचं काम त्यांचं. सगळी गोष्ट त्या पात्यांची आहे.

आंगणेवाडीच्या भराडीआईच्या जत्रेच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की जत्रेनंतर हंडा बंद झाला की मीटर तू वाचायचे. मीटरवर बसणारा एक पोरगा अणूच्या भीतीने पळून गेला होता आणि दुसरा होता तो खानोलकर, मुंबईहून आलेला बी.एस्सी. त्याला एकट्याला सगळा दिवस जमण्यासारखा नव्हता. सकाळी सहा ते बारा मी आणि बारा ते सहा तो, असं ठरलं. रात्री इंजिनवाला परशुराम फक्त पंप चालू आहे की नाही ते बघणार. मला काय वाटलं ते कसं सांगू? पंधरा वर्षांपूर्वी शाळेतली जी खुर्ची हुकली ती कुणीतरी परत आणून ठेवली, असं झालं. मी परसात गेले आणि आनंदात जे समोर दिसेल ते घासायला लागले.

समोर आठ पाती वाळत ठेवलेली होती. चुलीवरून उतरलेल्या तव्यासारखी काळीकुट्ट. साहेबांचा नियम मला पाठ होता: हंड्यात जाणारी वस्तू लख्ख पाहिजे, तिच्यावर बोटाचा तेलकट डागसुद्धा चालणार नाही. आता सांगा, आमच्याकडच्या कुठल्या बाईने काळी भांडी बघून हात बांधून बसावं? राख घेतली, शेंडी घेतली, आमसुलाचं पाणी घेतलं. तीन नंबर चांदीसारखं केलं. मग चार नंबर. पाचाला हात घालणार, एवढ्यात साहेब दारात येऊन उभे राहिले.

त्यांनी काही पाहिलं नाही. घासलेली दोन्ही पाती माझ्या मागे, पदराच्या आड होती. ते आपल्याच नादात होते. मला म्हणाले, ही जी काळी झिलई आहे ना, ती मी काजळी आणि काचपाणी नावाचं चिकट रसायन मिसळून स्वतः लावली आहे, परदेशी रंग मागवायला परवानगी मिळेना म्हणून. बाहेर हवेत पातं काळं असो की पांढरं, वारा उष्णता घेऊन जातो. हंड्यात वाराच नाही. तिथे उष्णता पात्यावरून नुसती फेकली जाते, आणि काळं पातं ती फेकतं, चकचकीत पातं धरून बसतं. सगळा खेळ या काळ्या रंगाचा आहे, म्हणाले. आणि निघून गेले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. साहेब ओरडले असते, पुन्हा काळं केलं असतं, चार दिवस उशीर झाला असता, बस. पण मला दिसत होती ती मीटरसमोरची खुर्ची. मी दुपारी घरी गेले, चिमणीची काजळी खरवडून काढली आणि ती नुसती चिकटेना म्हणून खोबरेल तेलात कालवली. तेल हंड्यात चालत नाही, हे ठाऊक असून. दोन्ही पाती अशी काळी केली की बाकीच्या सहांपेक्षा जास्त देखणी दिसायला लागली. संध्याकाळी काशीबाईने खोबरेल खंय गेलां म्हणून विचारलं, तर मांजरावर ढकललं. लबाडी म्हणतात ती हीच, आणि ती मी केली. तिला दुसरं नाव देणार नाही.

जत्रा झाली आणि दुसऱ्या दिवशी हंडा बंद झाला. अठ्ठेचाळीस बोल्ट परशुरामने आवळले. पंप सुरू झाला, पण हवा किती उरली ते दाखवणारा काटा दोन दिवस जागेवर येईना. कुठूनतरी काहीतरी वाफ सुटतेय म्हणून साहेब हैराण. ती माझ्या खोबरेलाची वाफ होती, आणि ते मला एकटीला कळत होतं. तिसऱ्या दिवशी काटा बसला, तार तापवली आणि एकवीस दिवसांची मोजणी सुरू झाली. त्याच संध्याकाळी साहेबांना कावीळ झाल्याचं निघालं. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. परदेशात शिकलेला माणूस, पण त्यांची आत्या येऊन त्यांना वालावलला घेऊन गेली आणि झाडपाल्याच्या औषधावर ठेवलं. मीटर आणि रजिस्टर माझ्या नि खानोलकरच्या हातात.

आठ पात्यांना आठ तारा जोडलेल्या होत्या. टेबलावर आठ घरांचं एक फिरतं बटण. एकेक घर लावायचं, काटा स्थिर होऊ द्यायचा, किती अंश ते लिहायचं. पहिल्या सकाळी मी बटण फिरवलं. एक नंबर, १६१. दोन नंबर, १५९. तीन नंबरला काटा चढत चढत गेला तो २१२ वर जाऊन थांबला. चार नंबरला १८५. पुढची चारही पुन्हा एकशे साठच्या आसपास. पेटीची वीजही साहेबांनी हिशेब केला होता त्यापेक्षा कमी. म्हणजे तीन नि चार उष्णता धरून बसली होती, साहेब म्हणाले होते तश्शीच. मी हातात टाक धरून किती वेळ बसले कोण जाणे. एकशे साठ लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं?

माझा बाप बाबली तोडणकर फत्तेमारीवर पाण्याची खोली मोजायचा. दोरीला शिशाचा गोळा बांधून बुडवायचा, आणि दोरी किती वाव गेली ते मोठ्याने ओरडून सांगायचा. त्याच्या शब्दावर तांडेल सुकाणू फिरवणार. एकदा मालक गलबतावर होता आणि त्याला बंदरात लवकर शिरायचं होतं. तो बापाला सांगत होता पाच वाव म्हण, आणि बाप ओरडत राहिला अडीच, अडीच. त्या खेपेनंतर त्याचं काम गेलं. घरी येऊन तो आम्हाला म्हणाला, "पाणी सांगता तितक्याच सांगूचा. मालकाक आवाडता ता नाय." त्याच्या पोटी जन्मलेली मी. टाक बुडवला आणि लिहिलं, तीन नंबर २१२, चार नंबर १८५.

मी खोटं लिहिलं नाही, पण खरं काय घडलं ते सांगितलंही नाही. या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात, आणि एकवीस दिवस त्या माझ्यात राहिल्या.

दुपारी खानोलकर आला. त्याने माझे आकडे पाहिले आणि हसला. मी आकडे शाळेत शिकले तसे देवनागरीत लिहायची, तो इंग्रजीत. त्यामुळे कुठली पानं कुणाची, ते लांबूनही कळायचं. त्याने बटण एकदा फिरवलं, तीन नंबरचा काटा बघितला आणि त्याचं हसू गेलं. मग साहेबांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलेला अंदाजाचा तक्ता बघून आठही घरं भरून टाकली. १६०, १६१, १५९. दुपारी मी तिथेच बाटल्या घासायची, पण त्या दिवसानंतर त्याने बटणाला हात लावल्याचं मला दिसलं नाही. बारा वाजता यायचा, एका बैठकीत सहा वाजेपर्यंतचे आकडे लिहायचा आणि पुस्तक उघडून बसायचा. त्याला परदेशी शिष्यवृत्तीला अर्ज करायचा होता, आणि या चाचणीच्या रिपोर्टवर त्याचं नाव लागणार होतं.

चौथ्या दिवशी तो मला गोडीत म्हणाला, की तारा खराब झाल्या असतील, तू पण एकशे साठच लिही, उगाच साहेबांच्या कामाचा विचका होईल. मी नाही म्हटलं. सहाव्या दिवशी त्याने आवाज चढवला. भांडी घासणाऱ्या बाईने आकडे घासायला येऊ नये, म्हणाला. मी सांगितलं, "मीटर दाखयता ता लिवतलंय. तुका जमत नसात तर खुर्ची सोड." त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रजिस्टरमध्ये मात्र रोज दोन पेट्या चालत राहिल्या. सकाळी माझी, आजारी. दुपारी त्याची, ठणठणीत.

बाविसाव्या दिवशी कमिटी आली. तार आदल्या संध्याकाळीच बंद केली होती, त्यामुळे पेटी थंड झालेली. पुन्हा तापवून मीटर वाचायचे तर दुसरी सकाळ उजाडली असती, आणि कमिटीला त्याच दिवशी भरतीच्या पाण्यावर खाडी ओलांडून परत जायचं होतं. तिघे जण होते, त्यांत बोलणारे एकटे कर्णिक साहेब. वालावलकर साहेबही वालावलहून आले. अंगावर सदरा लोंबत होता, डोळ्यांतला पिवळेपणा अजून गेला नव्हता. त्यांनी रजिस्टर तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मला सांगण्यात आलं, की बाई, चहाचं बघा.

मी चहा घेऊन गेले तेव्हा कर्णिक साहेबांच्या हातात तांबडी पेन्सिल होती. ते खानोलकरला विचारत होते, की सकाळची ही मराठी आकडे लिहिणारी व्यक्ती कोण. खानोलकरने माझ्याकडे बोट केलं. आमची भांडी घासायला आहे, म्हणाला. साहेबांनी दयेपोटी बसवली, तिला बटण नीट लावता येत नव्हतं, तीन नि चार घरांवर चुकत होती. कर्णिकांनी मान डोलावली. पदवीधराचे आकडे स्वच्छ आहेत, म्हणाले, हे सकाळचे रद्द करू, उरलेल्यांची सरासरी घेऊ. पेटी पास होते. वालावलकर, अभिनंदन.

मी वालावलकर साहेबांकडे बघितलं. ते खाली बघत होते. त्यांना कळत होतं, हे मी शपथेवर सांगेन. तीन नि चार नंबर एकवीस दिवस रोज तेवढेच चुकतात आणि बाकीचे सहा एकदाही चुकत नाहीत, अशी चूक बटणाची नसते. पण पेटी पास होत होती, कारखान्याला कुलूप लागत नव्हतं, त्यांचं काम पुढे जाणार होतं. माझीही सुटका होत होती. मी फक्त चहाचे कप ठेवून बाहेर जायचं होतं. पाती मुंबईला जाऊन कधीतरी सुटी झाली असती, तोवर कोण विचारणार होतं. खोलीतल्या प्रत्येक माणसाचं भलं त्या तांबड्या रेघेत होतं. फक्त माझे एकवीस दिवसांचे आकडे खोटे ठरणार होते, आणि ते खोटे नव्हते.

पेन्सिल पहिल्या पानावर टेकली. मी ट्रे रजिस्टरवरच ठेवला. थोडा चहा सांडला, मुद्दाम नाही.

"रेघ मारू नका साहेब," मी म्हटलं. "आकडे बरोबर आहेत."

कर्णिक चिडले नाहीत. शाळेत मूल चुकल्यावर बोलतात तसं समजुतीनं बोलायला लागले, आणि तेच मला जास्त झोंबलं. बाई, आठही पाती एकसारखी आहेत, मग दोनच वेगळी कशी तापतील, असं त्यांचं म्हणणं. मला ऑफिसातलं मराठी येतं, पण त्या घडीला ते सुचेना. जी भाषा तोंडात होती ती बाहेर पडली.

"एकसारखी नाय हत. तीन नि चार नंबराची पाती मीच घासलंय. राखेन घासलंय, नि मगे कळला म्हणान खोबरेलातली काजळी फासून लपयलंय. लबाडी मी केलंय, सायबानू. आकड्यांनी नाय केल्यानी."

वालावलकर साहेबांनी मान वर केली आणि मला विचारलं, ह्या कधी केलंस. जत्रेच्या आदल्या दिवशी, मी सांगितलं. तुम्ही दारात उभे होता तेव्हा पाती माझ्या पाठीमागे होती. त्यांचा चेहरा बघवेना. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

खानोलकर मात्र हुशार. त्याने लगेच पवित्रा बदलला. म्हणजे हिला माहीत होतं, म्हणाला, म्हणूनच हिने तीन नि चारला मनाने मोठे आकडे लिहिले असणार. आणि खरंच, कर्णिक पुन्हा विचारात पडले. मला हसूच आलं. मी म्हटलं, खोटंच लिहायचं होतं तर मी तुझ्यासारखं सगळीकडे एकशे साठ लिहिलं असतं. आपली चोरी स्वतःच्या अक्षरात रोज सकाळी कोण लिहून ठेवील? तरीही कर्णिकांचा चेहरा खुलेना. तेव्हा मला माझेच आकडे आठवले आणि जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं.

"हंडो उघडा," मी म्हटलं. "तीन नंबराचो आकडो दोनशे बारा, चाराचो एकशे पंच्याऐंशी. दोनव पात्यांका मी एकाच वाटयेतली काजळी लायलंय. तरी चार कमी तापला. म्हणजे तीनावरची काजळी सगळी गेली आसतली, नि चारावर अर्धी रवली आसतली. हंडो बंद झाल्यापासून आत कोणी बघूक नाय. तसा नसात तर माझ्या सगळ्या पानांवर रेघो मारा."

कर्णिकांनी घड्याळ बघितलं, भरतीची वेळ बघितली आणि वालावलकरांकडे बघितलं. आता रेघ मारून टाका, असं ते म्हणू शकले असते. मिनिटभर मला वाटलं, म्हणतील. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं आणि परशुरामला हाक मारून पाना आणायला सांगितलं.

आधी हंड्यात हवा सोडली, मग बोल्ट. अठ्ठेचाळीस. परशुराम एकेक काढून ओळीत मांडत होता, आणि मी दाराशी उभी राहून मोजत होते. तिसाव्या बोल्टला माझा धीर सुटला. काजळी कशीही गळू शकते, कोण जाणे आत काय झालंय, असं वाटायला लागलं. मग म्हटलं, मीटरवर एकवीस दिवस विश्वास ठेवला, आता तासभर ठेवायला काय झालं. खानोलकर बाहेर जाऊन विडी ओढून आला. झाकण उचललं तेव्हा आतून खोबऱ्याच्या जळकट तेलाचा वास आला. काशीबाई असती तर तिला मांजर निर्दोष असल्याचं तिथेच कळलं असतं.

सहा पाती काळीकुट्ट. तीन नंबर उघडंबोडकं, मी घासलं होतं तसंच चमकत होतं, आणि त्याच्या खाली हंड्याच्या तळावर काजळीचा भुगा पडला होता. चार नंबर वरच्या बाजूला उघडं आणि खालच्या बाजूला काळं. अर्धं. कर्णिकांनी बोट लावून बघितलं, काळं झालेलं बोट रुमालाला पुसलं आणि आत येऊन खुर्चीवर बसले. खानोलकरला त्यांनी एकच प्रश्न विचारला, की तुम्ही बटण किती वेळा फिरवलंत. त्याने काचेखालच्या तक्त्याकडे बघितलं. तांबडी पेन्सिल त्याच्या पानांवर चालली, एकवीस दुपारी, एकेक करून.

इथे गोष्ट संपली असती तर मी देवाला नारळ दिला असता. पण कर्णिक न्यायाने वागणारे गृहस्थ होते आणि न्याय माझ्यापर्यंतही यायचा होता. चाचणी फुकट गेली, म्हणाले. पावसाळ्याआधी नवी पाती लावून पुन्हा करा, एक संधी देतो. मात्र ही दोन्ही माणसं इथे नकोत. त्यांनी दोन कागद लिहिले. खानोलकरने त्याच्या कागदावर न वाचताच सही केली आणि तो बॅग भरायला गेला. माझ्यापुढे माझा ठेवला.

मी वाचला. इंग्रजीत नव्हता, मला कळावा म्हणून मुद्दाम मराठीत लिहिला होता, आणि त्यासाठी मी त्यांची आभारी आहे, कारण इंग्रजीत असता तर मी फसले असते. लिहिलं होतं, की श्रीमती सुभद्रा भिकाजी आचरेकर यांना मीटरवाचनाच्या कामात गलथानपणा केल्याबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे.

मी सही करत नाही म्हटलं.

कर्णिक म्हणाले, काम तर जाणारच आहे, शब्दाने काय फरक पडतो. मी म्हटलं, काम जाऊ दे. ते जावं असंच मी वागले आहे, त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पण वाचनात मी चुकले नाही. पाती घासली म्हणून काढा, लपवलं म्हणून काढा, तेल लावलं म्हणून काढा. चुकीचे आकडे लिहिले म्हणून मला कुणी काढायचं नाही. त्यांना होडी गाठायची होती. ते उठले. मी दारात उभी राहिले. माझ्या अंगात तेव्हा काय शिरलं होतं ते भराडीआईला माहीत. सरकारी माणसाची वाट मी त्याआधी कधी अडवली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

तेव्हा वालावलकर साहेब पहिल्यांदा हलले. सकाळपासून ते माझ्याशी धड शब्द बोलले नव्हते आणि पुढेही बरेच महिने बोलले नाहीत. मी त्यांची चाचणी बुडवली होती, त्यांचा राग खरा होता, आणि मला तो मान्य होता. त्यांनी तो कागद घेतला, फाडला आणि दुसरा कोरा ओढला. लिहून झाल्यावर त्यांनी तो कर्णिकांपुढे सरकवला. कर्णिकांनी वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि उभ्याउभ्याच सही केली.

तोच हा चौकटीतला कागद. त्यात लिहिलंय, की सदर बाईंनी तीन व चार नंबरची पाती घासली, ही गोष्ट लपवून ठेवली व त्यामुळे एकवीस दिवसांची चाचणी निष्फळ झाली, म्हणून त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. आणि त्याखाली साहेबांच्याच अक्षरात आणखी एक ओळ आहे: त्यांनी घेतलेली सर्व वाचने बरोबर आहेत.

मी ती ओळ दोनदा वाचली, टाक मागून घेतला आणि सही केली. कर्णिक साहेब दारातून म्हणाले, की तारीख राहिली. मग मी तारीखही घातली, देवनागरी आकड्यांत.